वायफायचा पासवर्ड आणि मोबाइल नंबर

प्रश्न : राउटर बसवणाऱ्या माणसाने माझा मोबाइल नंबरच वायफायचा पासवर्ड म्हणून ठेवला. आता राउटरच्या यादीत दोन अनोळखी उपकरणे दिसतात. नेटवर्कचे नाव लपवले की पुरे, असे एक परिचित सांगतात. ते खरे आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाव लपवून काही साधणार नाही, कारण तुमचा फोन राउटरशी जोडला जाताना ते नाव हवेतून जातेच आणि साध्या, फुकट मिळणाऱ्या साधनांनी ते वाचता येते. यादीतले एखादे अनोळखी उपकरण घरातलाच टीव्ही किंवा फोन असू शकतो, कारण हल्लीचे फोन नेटवर्कवरची आपली खरी ओळख, म्हणजे मॅक पत्ता, न दाखवता बनावट पत्ता दाखवतात. पासवर्ड मात्र आजच बदला.

फोन राउटरशी जोडला जाताना दोघांत जी देवाणघेवाण होते ती जवळपासच्या कोणालाही टिपून ठेवता येते, आणि मग तो आपल्या घरी बसून एकामागून एक पासवर्ड ताडून पाहू शकतो. राउटरला याचा पत्ताच नसल्यामुळे चुकलेल्या प्रयत्नांना मर्यादा राहत नाही. आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ यांपैकी एका आकड्याने सुरू होणारे, म्हणजे शक्यता फार तर ४०० कोटी. चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला एक संगणक त्या काही तासांत तपासून संपवतो. शिवाय तुमचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर सर्वांकडे आहेच.

डब्ल्यूपीए२ या वायफायच्या नेहमीच्या सुरक्षा पद्धतीत पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहा. त्यांत घरातल्यांची नावे किंवा जन्मतारखा नकोत. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो आणि पुष्कळ घरांत तो कंपनीने दिलेलाच राहतो, तोही बदला. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन देऊन उपकरण जोडण्याची सोय, बंद करा. तिचा पिन आठ आकडी असला तरी दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११पासून जगजाहीर आहे.

हा प्रश्न केवळ फुकट वापरल्या जाणाऱ्या डेटाचा नाही. जुलै २००८मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी धमकीचा जो ईमेल गेला, तो नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरातील असुरक्षित वायफायवरून गेल्याचे तपासात दिसले, आणि तिथल्या रहिवाशाला पोलिसांच्या चौकशीला तोंड द्यावे लागले. म्हणून पाहुण्यांसाठी राउटरमध्ये वेगळे गेस्ट नेटवर्क सुरू करावे आणि त्यालाही पासवर्ड ठेवावा.

तुमच्या राउटरमध्ये २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए३ पद्धत असेल तर ती निवडा. तिच्यात असे घरी बसून पासवर्ड ताडता येत नाहीत. जुने फोन जोडले जात नसतील तर डब्ल्यूपीए२ ठेवा, पण मग पासवर्ड लांबच हवा.