झाडालाही तंतुकणिका असते का? वाचकांचे पेशींवरचे प्रश्न

आठवी-नववीत पेशीचा धडा सुरू झाला की या सदराकडे एकाच विषयावरचे प्रश्न यायला लागतात, यावेळी त्यातले चार घेतलेत.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. क्लासच्या नोट्समध्ये फरकाच्या तक्त्यात दिलंय की वनस्पती पेशीत हरितलवक (क्लोरोप्लास्ट) असतं आणि प्राणी पेशीत तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) असते. पण पुस्तकातल्या आकृतीत वनस्पती पेशीतसुद्धा तंतुकणिका दाखवलीये. नक्की काय पाठ करायचं? (एक आई, सांगली)

उत्तर : ताई, आकृती बरोबर आहे, तक्ता चुकीचा आहे, आणि ही चूक इतकी पसरलीये की कॉलेजला जाईपर्यंत मुलांच्या डोक्यातून जात नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. हरितलवक आणि तंतुकणिका ही एकाच कामाची दोन वेगळी यंत्रं नाहीत, दोघांची कामं वेगळी आहेत. हरितलवक उन्हात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून साखर बनवतं. ती साखर ऑक्सिजनच्या मदतीने मोडून पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा, म्हणजे एटीपी, तयार करायचं काम मुख्यतः तंतुकणिकेचं. नुसती साखर बनवून पेशीचं भागत नाही, आणि रात्री तर साखर बनणंही बंद असतं पण झाड जिवंत असतंच ना, शिवाय मुळं कायम अंधारातच असतात, त्यांना कुठलं हरितलवक.

मुलाला मटकीला मोड आणताना फडक्यात हात घालून बघायला सांगा, मोड फुटत असताना गाठोडं आतून कोमट लागतं, ती ऊब मटकीच्या पेशींच्या श्वसनाची, म्हणजे हीच साखर मोडण्याची. शेतात चार दिवस पाणी साचलं की तूर पिवळी पडते त्यामागेपण हेच आहे, मातीतली हवा निघून जाते, मुळांच्या पेशींना ऑक्सिजन मिळत नाही, तंतुकणिकांचं काम थांबतं आणि मग पाण्यात उभं असूनही झाडाला पाणी नीट ओढता येत नाही.

तक्त्यात खरे फरक एवढेच लिहा : वनस्पती पेशीला बाहेरून सेल्युलोजची पेशीभित्तिका असते, लवकं असतात (हरितलवक हा त्यांचाच एक प्रकार), आणि एक मोठी रिक्तिका, म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, असते. प्राणी पेशीत भित्तिका आणि लवकं नसतात, रिक्तिका असल्या तर लहान असतात, आणि पेशी विभागताना मदत करणारे सेंट्रिओल असतात जे आंबा, ज्वारी अशा फुलझाडांत नसतात. बाकी केंद्रक, प्रथिनं बनवणारे रायबोझोम, ती प्रथिनं पुढे नेणारी आंतर्द्रव्यजालिका, त्यांची छाननी करून जिथल्या तिथे पाठवणारं गॉल्जी संकुल, हे सगळं दोन्हीकडे आहे.

प्रश्न : आम्ही शाळेत कांद्याची साल मायक्रोस्कोपखाली बघितली. एकही हिरवा ठिपका दिसला नाही आणि मध्ये सगळं रिकामंच दिसलं. आमची स्लाइड चुकली का? (नववीतली विद्यार्थिनी, चिपळूण)

उत्तर : अजिबात चुकली नाही. कांदा मातीत वाढतो, तिथे ऊन नाही, त्यामुळे त्या पापुद्र्यात हरितलवकं नसतातच. वनस्पतीची प्रत्येक पेशी हिरवी असते असं नाही. आणि मधलं जे रिकामं वाटलं ती रिक्तिका आहे, तिच्यात पाणी, क्षार, साखर असं सगळं असतं, पूर्ण वाढलेल्या वनस्पती पेशीचा ९० टक्क्यांपर्यंत भाग ती व्यापू शकते. म्हणूनच आयोडीन टाकल्यावर पिवळसर तपकिरी दिसणारं केंद्रक मधोमध न दिसता बऱ्याचदा कडेला दाबल्यासारखं दिसतं.

आता एक कर, मला हा प्रयोग फार आवडतो. जांभळट लाल कांदा घे, त्याच्या रसरशीत पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा रंगीत पापुद्रा चिमट्याने ओढून काढ, आयोडीन नको, फक्त साध्या पाण्याचा थेंब आणि वर कव्हरस्लिप. पेशी काठोकाठ जांभळ्या दिसतील कारण तो रंग रिक्तिकेतल्या पाण्यात विरघळलेला असतो. मग कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोड आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लाव. डोळा लेन्सवरच ठेव, थोड्या वेळात जांभळा भाग भिंतीपासून सुटून आत आक्रसायला लागतो आणि चौकटी मात्र जागच्या जागी राहतात. भिंत आणि आतलं पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचा पातळ पडदा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आकृती शंभरदा काढूनही कळत नाही ते इथे एकदा बघून कळतं. लगेच साधं पाणी सोडलंस तर रंग बऱ्याच पेशींत परत पसरतो.

हरितलवकंच बघायची असतील तर फिश टँकमध्ये लावतात ती हायड्रिला आण, पान इतकं पातळ असतं की कापावंपण लागत नाही, हिरवे गोल दाणे कडेकडेने सरकतानाही दिसू शकतात. तंतुकणिका मात्र शाळेच्या मायक्रोस्कोपमध्ये शोधत बसू नकोस, त्या फार बारीक असतात आणि खास रंग दिल्याशिवाय ओळखू येत नाहीत.

प्रश्न : मलूल झालेली कोथिंबीर पाण्यात ठेवली की ताठ होते पण एकदा शिजलेली भाजी कधीच ताठ होत नाही, असं का? (गृहिणी, नागपूर)

उत्तर : सायकलच्या टायरमधल्या ट्यूबसारखं आहे बघा, ट्यूब म्हणजे पाण्याने भरलेली रिक्तिका आणि टायर म्हणजे पेशीभित्तिका. पाणी भरलं की ती भिंतीवर दाब देते आणि पान ताठ उभं राहतं, पाणी उडून गेलं की दाब उतरतो. कोथिंबिरीच्या पेशी जिवंत असेपर्यंत त्या पाणी परत आत घेतात. शिजवल्यावर पेशीपटल आणि रिक्तिकेचं आवरण दोन्ही फाटतात, मग पाणी धरून ठेवणार कोण. कच्चं बीट चिरून, धुऊन गार पाण्यात टाकलं तर पाणी थोडंसंच रंगतं आणि तेच उकळलं की पातेलं लालभडक होतं ते ह्यामुळेच.

प्राणी पेशीला ही भिंत नाही. लाल रक्तपेशी साध्या पाण्यात टाकली तर पाणी आत घेत घेत फुटते, म्हणून सलाइन म्हणजे साधं पाणी नसतं, त्यात ०.९ टक्के मीठ असतं.

प्रश्न : लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं असं वाचलं. मग रक्तावरून डीएनए टेस्ट कशी करतात? (वाचक, ठाणे)

उत्तर : पांढऱ्या रक्तपेशींमधून, त्यांना केंद्रक असतं आणि डीएनए मुख्यतः केंद्रकातच असतो. लाल पेशी तयार होताना सुरुवातीला केंद्रक असतं, रक्तात यायच्या आसपास ते बाहेर टाकलं जातं, पुढे तंतुकणिकाही जातात आणि ती सगळी जागा ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला मिळते. केंद्रक नाही म्हणजे डागडुजी नाही, त्यामुळे ती साधारण १२० दिवस टिकते आणि तोवर अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, नव्या बनत राहतात. हे सस्तन प्राण्यांचं झालं, कोंबडीच्या लाल पेशीत केंद्रक असतं, त्यामुळे तिच्या लाल पेशींतूनही डीएनए मिळतो.