दोसांझ कुणाला व्हायचंय?

प्रश्न : मुलगी बारावीत आहे, वक्तृत्वात बक्षिसं मिळवते. पंजाबातल्या खेड्यातून गेलेले उज्जल दोसांझ कॅनडात खासदार आणि केंद्रीय मंत्री झाले. हिनेही तसंच व्हावं, असं आम्ही ठरवलं आहे. राज्यशास्त्राची पदवी, मग पीआर (पर्मनंट रेसिडेन्सी), मग निवडणूक, असा तक्ता सोबत जोडला आहे. घर तारण ठेवून पैसे उभे करू. कॅनडातलं कोणतं कॉलेज घ्यावं? – एक पालक

उत्तर : तक्ता पाहिला. पट्टीने आखलेला, दर टप्प्याला वेगळा रंग. 2026 बारावी, 2030 पदवी, 2032 पीआर आणि विवाह (दोन्ही एकाच चौकटीत!), 2041 खासदार. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात : ‘मुलगी सध्या चिडचिड करते, तिकडे गेल्यावर रुळेल.’ लेकीला काय वाटतं याचा अख्ख्या पत्रातला उल्लेख एवढाच. त्यामुळे माझं उत्तर त्या तळटिपेला आहे, तक्त्याला नाही.

आदर्श तुम्ही चांगला निवडलात, पण चरित्र शेवटच्या पानावरून वाचलंत. दोसांझांच्या वडिलांना मुलगा डॉक्टर व्हायला हवा होता. मुलाचा ओढा राजकारणाकडे. स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या आजोबांजवळ, आजोळी राहून लागलेला. 1964 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो इंग्लंडला निघून गेला. म्हणजे ज्यांच्यासारखं व्हा म्हणून तुम्ही लेकीच्या मागे लागला आहात, ते स्वतः वडिलांच्या तक्त्यातून निसटलेले आहेत. हे तिला कळलं तर काय म्हणेल, याचा विचार करा.

पुढचंही ऐका. इंग्लंडमध्ये रेल्वेत डब्यांच्या शंटिंगचं काम. 1968 मध्ये कॅनडा, तिथे लाकडाच्या गिरणीत फळ्या ओढणं. पाठ दुखावली, मग कॉलेजची पायरी चढले. 1977 मध्ये वकिलीची सनद. 1979 आणि 1983 मध्ये प्रांताच्या निवडणुकीत पडले. 1985 मध्ये, शीख अतिरेक्यांविरुद्ध उघड बोलत होते म्हणून, ऑफिसच्या पार्किंगमध्ये त्यांना लोखंडी गजाने मारलं. हात मोडला, डोक्याला ऐंशीच्या वर टाके पडले. तरी बोलायचे थांबले नाहीत. 1991 मध्ये प्रांताच्या विधिमंडळात पोचले, 2000 मध्ये ब्रिटिश कोलंबियाचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री झाले. पुढच्याच वर्षी पक्ष 79 पैकी 2 जागांवर आला आणि त्यांची स्वतःची जागाही गेली. खासदार झाले 2004 मध्ये, कॅनडात पाऊल ठेवल्यानंतर 36 वर्षांनी. 2008 मध्ये 20 मतांनी वाचले, 2011 मध्ये पडले. यातलं तुमच्या तक्त्यात काय आहे? लोखंडी गजाला कोणता रंग दिलात?

आता पीआरचा गैरसमज, कारण तुमचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. पीआर म्हणजे तिथे कायम राहण्याची परवानगी, नागरिकत्व नव्हे. पीआर असलेल्या माणसाला कॅनडाच्या संसदेची निवडणूक लढवणं सोडाच, त्यात मतदानही करता येत नाही. नागरिकत्वाचा अर्ज करायला आधीच्या पाच वर्षांतले 1,095 दिवस प्रत्यक्ष त्या देशात काढलेले असावे लागतात, आणि पीआरच्या आधी विद्यार्थी म्हणून राहिलेला दिवस त्यात अर्धाच धरतात. एवढं करून नागरिकत्व मिळालं की आपला कायदा आडवा येतो. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर इथे येता-राहता येईल, मत देता येणार नाही. (दादाभाई नौरोजी 1892 मध्ये ब्रिटिश संसदेत निवडून आले तेव्हा ही अडचण नव्हती, आपण सगळेच राणीचे प्रजाजन होतो.) आपला देश कागदोपत्री सोडायचा की नाही, हे सतरा वर्षांच्या मुलीसाठी तुम्ही 2032 च्या आसपासच्या एका चौकटीत ठरवून टाकलंय. तिला विचारलंय का?

राज्यशास्त्राच्या पदवीसाठी सीयूईटी ही प्रवेश परीक्षा आहे, कायद्याच्या प्रवेशासाठी क्लॅट किंवा राज्याची सीईटी. तिला यातलं काही करायचं असेल तर इथेच सुरुवात होते. खासदारकी ही पदवीनंतर लागणारी नोकरी नाही. आणि घर तारण ठेवू नका. त्या कर्जाचे हप्ते उद्या तिला प्रत्येक फोनवर ऐकू येतील, तुम्ही त्यांचं नाव काढलं नाहीत तरी.

कॉलेजचं नाव मी सुचवत नाही. लेकीला म्हणावं, मला चार ओळी लिही. चिडचिड कशाची आहे, एवढंच लिहिलं तरी पुरे. अक्षर तिचं हवं आणि पाकीट तिने स्वतः चिकटवलेलं हवं. तक्ता जोडायची गरज नाही.