प्रत्येक पॉइंटचं पहिलं रीडिंग: तुमचे प्रश्न

एसक्यूएलमध्ये (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) प्रत्येक पॉइंटचं, म्हणजे मोजणीच्या जागेचं, पहिलं रीडिंग कसं काढायचं असं बरेचजण विचारतायत. शब्द वेगळे, घोळ तोच, म्हणून एकदाच सगळी उत्तरं देतोय. टेबल साधं धरा: आयडी, पॉइंट, वेळ, रीडिंग.

प्रश्न: प्रत्येक पॉइंटची फक्त पहिली तारीख हवीये.
ग्रुप बाय पॉइंट (पॉइंटप्रमाणे गट), सिलेक्टमध्ये मिन वेळ (गटातली सगळ्यात आधीची). झालं.

प्रश्न: सोबत त्या वेळचं रीडिंगही हवंय. मिन वेळ, मिन रीडिंग असं लिहिलं, आकडे येतायत. बरोबर ना?
नाही! आकडे येतायत हाच तर वांधा आहे. वेळ एका ओळीतली, रीडिंग भलत्याच ओळीतलं, आणि समोर आलेली ओळ टेबलात कधी नव्हतीच. समजा 1 तारखेला पातळी 12.4 होती आणि 20 ला 9.1, तर तुमची क्वेरी बिनधास्त सांगणार की 1 तारखेला 9.1, एरर नाही, वॉर्निंग नाही, रिपोर्ट थेट साहेबांकडे. काहीजण रीडिंगवरचं मिन काढून टाकून नुसतं रीडिंग लिहितात, जुन्या मायएसक्यूएलमध्ये (हा, एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस हे वेगवेगळे डेटाबेस) ते चालून जायचं आणि गटातली कुठलीही ओळ उचलली जायची. त्याच्या 5.7.5 आवृत्तीपासून ते डिफॉल्टलाच अडवलंय, तर लोक कुठेतरी वाचून ती अडवणारी सेटिंगच बंद करतात, म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून कुत्र्यालाच हाकलायचं. (एसक्यूलाइटमध्ये एकटं मिन असेल तर बाकीचे कॉलम त्याच ओळीतले येतात, पण ती सवय दुसरीकडे नेऊ नका.) नीट करायचं तर सबक्वेरीत (क्वेरीच्या आतली क्वेरी) रो नंबर, पार्टिशन बाय पॉइंट, ऑर्डर बाय वेळ, म्हणजे प्रत्येक पॉइंटच्या ओळींना वेळेप्रमाणे नंबर, आणि बाहेर फक्त 1 नंबरच्या ओळी. पोस्टग्रेस असेल तर डिस्टिंक्ट ऑन पॉइंट (प्रत्येक पॉइंटची पहिली एकच ओळ), ऑर्डर बाय मध्ये आधी पॉइंट मग वेळ. मायएसक्यूएल 8.0 च्या आधीचं असेल तर रो नंबरसारखी विंडो फंक्शन नाहीत, मग मिन वेळेची सबक्वेरी मूळ टेबलाला पॉइंट आणि वेळ दोन्हींवर जॉइन करा. आणि चुकीचा रिपोर्ट गेला असेल तर वापरणाऱ्यांना आजच कळवा, पुढच्या मीटिंगची वाट बघू नका.

प्रश्न: सगळ्यात छोटा आयडी घेतला तर?
लॉगर (रीडिंग आपोआप नोंदवणारं यंत्र) बंद पडला आणि मागचा डेटा नंतर भरला की जुन्या रीडिंगला मोठा आयडी मिळतो, हे गणित संपलं. वेळेवरच लावा.

प्रश्न: वेळ टेक्स्टमध्ये आहे, दिवस-महिना-वर्ष. पहिली तारीख चुकते.
चुकणारच, अक्षरांच्या हिशोबात 02-01-2024 हे 15-06-2021 च्या आधी येतं. बॅकअप घेऊन खऱ्या डेट टाइपमध्ये बदला, पण 03-04 म्हणजे मार्च की एप्रिल हे आधी डेटा भरणाऱ्याला विचारा, अंदाज नको.

प्रश्न: एकाच वेळेची दोन रीडिंगं आहेत.
ऑर्डर बाय मध्ये शेवटी आयडी जोडा म्हणजे निदान दरवेळी तीच ओळ येईल. दोन्ही हवी तर आयडी न जोडता रो नंबरऐवजी रँक वापरा, त्यात सारख्या वेळेला सारखाच नंबर मिळतो. त्यातलं खरं कुठलं, हे एसक्यूएल सांगणार नाही, मीटर सांभाळणाऱ्याला विचारा.

प्रश्न: काही पॉइंट रिझल्टमध्ये दिसतच नाहीत.
रीडिंगच नसेल त्यांचं. पॉइंटच्या यादीचं वेगळं टेबल असेल तर त्यापासून लेफ्ट जॉइन करा, म्हणजे रीडिंग नसलेला पॉइंटही दिसतो.

प्रश्न: क्वेरी स्लो आहे. सबक्वेरी स्लोच असते असं ऐकलंय, व्हेंडर म्हणतो मोठा सर्व्हर घ्या.
व्हेंडर दुसरं काय म्हणणार? आणि ऐकीव गोष्टी सोडा, एक्सप्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवतो ते दाखवणारी कमांड) चालवून बघा. पॉइंट, वेळ या क्रमाने एकत्र इंडेक्स (ओळी लवकर सापडाव्यात म्हणून ठेवलेली सूची) आहे का? नसेल तर खरेदीचं बोलणं आधी थांबवा. पॉइंट थोडे आणि रीडिंगं लाखोंनी असतील तर पोस्टग्रेसमध्ये पॉइंटच्या टेबलावरून लॅटरल जॉइन (प्रत्येक पॉइंटसाठी वेगळी सबक्वेरी) करून प्रत्येकासाठी वेळेच्या क्रमाने लिमिट 1, म्हणजे एकच ओळ घ्या, खूप फरक पडतो. फक्त चालू टेबलावर इंडेक्स टाकताना पोस्टग्रेसमध्ये कन्करंटली (टेबल चालू ठेवून इंडेक्स बनवायचा शब्द) लिहायला विसरलात तर तो बनेपर्यंत नवीन रीडिंगं अडकून बसतात, म्हणून आधी डीबीएशी (डेटाबेस सांभाळणाऱ्याशी) बोला.