आधी दरवाजा, मग देखावा

ऐरोलीहून एका ताईंचं पत्र आलंय. लेक बारावी सायन्सला आहे. मामाने सुट्टीत अशा एका हॉटेलात नेलं, जिथे भिंतभर समुद्र उसळतो आणि जेवता जेवता टेबलावर मासे पोहतात. तेव्हापासून ‘मला असल्याच जागा बांधायच्यात’ हा एकच घोष. तिचे बाबा म्हणतात, हे डेकोरेटरचं काम. त्यासाठी आर्किटेक्चरची पाच वर्षं कशाला, सहा महिन्यांचा कोर्स बस झाला.

ताई, लेकीच्या मनात आलंय ते खूळ नाही. पण तिने पाहिला तो समुद्र. त्यामागचं काम तिने अजून पाहिलेलं नाही. तो समुद्र भिंतीवर प्रोजेक्टर पाडतो. प्रोजेक्टर समोर टांगला तर उठणाऱ्या प्रत्येक माणसाची सावली लाटांवर पडते. म्हणून तो भिंतीलगत, छताजवळ न्यावा लागतो. तिथूनच एसीचा डक्ट जातो, आगीवर पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरचे पाइप जातात. प्रोजेक्टर तापतो, त्याची गरम हवा काढायला वाट हवी आणि दुरुस्तीला माणूस पोचायला जागा हवी. भर दुपारच्या उन्हातून थेट काळोखात आलेला पाहुणा पहिल्याच पायरीला ठेचकाळतो, म्हणून मधे हळूहळू उजेड कमी करत नेणारा बोळ ठेवतात. एकाच सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणाऱ्या आराखड्यात, हे सगळं बसवणं सहा महिन्यांत येत नाही.

आणि एक गोष्ट बाबांना नक्की सांगा. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री लोअर परळला कमला मिल आवारात गच्चीवरच्या पबना आग लागली. १४ जीव गेले. कित्येक जण वाट न मिळाल्याने स्वच्छतागृहात गुदमरले. अंधार, मोठा आवाज, गर्दी, पेट घेणारी सजावट हे सगळं या क्षेत्रात रोजचंच. बाहेर पडायची वाट कुठे, ती किती रुंद, दार कुठल्या बाजूला उघडतं, हे देखाव्याच्या आधी ठरतं. तिने हे काम करावं असं मला मनापासून वाटतं, पण ते असं शिकून.

म्हणून बी.आर्क.च, म्हणजे आर्किटेक्चरची पाच वर्षांची पदवी. बारावीला फिजिक्स आणि गणित हवंच. नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेशपरीक्षा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर, यांचे गुण, मग राज्याच्या सीईटी सेलची प्रवेशफेरी. नाटाला चित्रकलेचा भाग असतो, तेव्हा पेन्सिल आतापासून रोज हातात हवी. १९७२ च्या कायद्यानुसार काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. बांधकामापेक्षा मांडणीच आवडते असं दिसलं, तर अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत एक्झिबिशन डिझाइन आहे. तिथली प्रवेशपरीक्षा वेगळी. सुरुवातीचा पगार मात्र बेताचाच असतो, त्याची तयारी ठेवा.

नाटाच्या क्लासची फी भरण्याआधी एक करा. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात एखाद्या रविवारी नाटकाला जा. तिसऱ्या घंटेआधी अर्धा तास पोचा. लेकीला वही द्या. बाहेरच्या दारापासून खुर्चीपर्यंत किती वळणं, पायऱ्यांवर उजेड कुठून येतो, आवाज कुठे दबतो, मध्यंतरात गर्दी कुठे तुंबते, हे तिने काढावं. नाटक संपल्यावर तिने वही मिटण्याआधी तिच्या बाबांना तिला विचारू द्या, ‘आत्ता दिवे गेले तर आपण कुठून बाहेर पडायचं?’