नवा सर्व्हर घेण्याआधी

प्रश्न : आमची कस्टम्स क्लिअरिंगची कंपनी आहे. बॅलार्ड इस्टेटमधील एका जुन्या दगडी इमारतीत मुख्य कार्यालय, भिवंडीला गोदाम आणि न्हावाशेव्याला तिघांचे छोटे कार्यालय असा पसारा असून एकूण 42 माणसे काम करतात. दुपारी तीननंतर संगणक इतके मंद होतात की फाइल उघडेपर्यंत माणूस चहा घेऊन येतो. एकाच बिल ऑफ एंट्रीच्या (आयात मालासाठी कस्टम्सकडे दाखल करायच्या विवरणपत्राच्या) कागदांच्या तीन-चार प्रती व्हॉट्सॲपवर फिरत असतात आणि त्यांतली खरी कोणती, यावरून रोज वाद होतात. देखभाल पाहणाऱ्या विक्रेत्याने नवा सर्व्हर सुचवला आहे. आधी सगळ्या यंत्रणेचे ऑडिट करावे, असे मला वाटते. ते कोणी आणि कसे करावे? – एक वाचक, मुंबई

उत्तर : आपल्याला वाटते ते योग्य आहे, आणि विक्रेत्याच्या कोटेशनवर सही करण्याआधीच ते अमलात आणावे, असा माझा आग्रह आहे. मात्र या तपासणीची सुरुवात सर्व्हरपासून करू नका. ती एका कागदापासून करा. एखादे चालू कन्साइनमेंट निवडून ग्राहकाचे इन्व्हॉइस ईमेलवर आल्यापासून आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर बिल ऑफ एंट्री दाखल होईपर्यंत आणि पुढे गोदामातून माल सुटेपर्यंत ते कोणाकोणाच्या हातून जाते, प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबते आणि तोच मजकूर किती वेळा नव्याने टाइप होतो, हे त्या-त्या माणसाच्या शेजारी बसून लिहून काढावे. असे केल्यावर बहुतेक वेळा लक्षात येते की ‘संगणक मंद आहे’ या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात : यंत्राची वाट पाहण्यात गेलेला वेळ आणि दुसऱ्या माणसाकडून योग्य प्रत मिळण्याची वाट पाहण्यात गेलेला वेळ. हा दुसरा वेळ कितीही महागडा सर्व्हर घेतला तरी कमी होणार नाही.

हे काम सुरू करण्यापूर्वी सर्वांना एकत्र बोलावून, ही पाळत नाही, असे स्वतः मालकाने सांगायला हवे. एखादी कर्मचारी सामाईक फोल्डर सोडून स्वतःच्या पेन ड्राइव्हवर एक्सेलचा तक्ता ठेवत असेल, तर तसे करण्यामागे तिचे काही तरी कारण असते. फोल्डर उघडायला वेळ लागत असेल, किंवा कोणी तरी तिचे आकडे पुसले असतील. शिक्षेची भीती असेल तर ती हे सांगणार नाही आणि ऑडिटमधली सर्वांत मोलाची माहिती हातातून निसटेल. माझ्या अनुभवात यंत्रांची यादी करणे सोपे असते. माणसांनी अडचणीतून काढलेल्या या पळवाटा समजून घ्यायलाच खरा वेळ द्यावा लागतो.

आता यंत्रांकडे वळू. आपल्या प्रश्नातला ‘दुपारी तीननंतर’ हा तपशील महत्त्वाचा आहे. सर्व्हर मुळातच अपुरा असेल तर त्रास बहुधा दिवसभर कमीअधिक जाणवतो. ठरावीक वेळी जाणवत असेल तर त्या वेळी काय चालू होते ते शोधावे. बॅकअप, अँटिव्हायरसचे स्कॅनिंग किंवा भिवंडीच्या कॅमेऱ्यांचे चित्रण त्याच इंटरनेट जोडणीवरून तेव्हाच जात असेल. दोन आठवडे सर्व्हरचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांच्या वापराची नोंद ठेवली म्हणजे अंदाजावर बोलण्याची गरज राहत नाही. त्याच काळात सकाळी अकराला आणि दुपारी चारला एक जीबीची फाइल सर्व्हरवरून वेगवेगळ्या टेबलांवर कॉपी करून पाहावी. गिगाबिट, म्हणजे 1,000 एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) वेगाच्या, जोडणीवर तिला साधारण दहा सेकंद लागायला हवेत. दीड मिनिट लागत असेल, तर ती जोडणी 100 एमबीपीएसवर चालली आहे असे समजावे. गिगाबिटसाठी केबलमधल्या आठही तारा लागतात, 100 एमबीपीएसला चारच पुरतात. त्यामुळे मुंबईच्या दमट हवेत एखादा जोड गंजला, तर काम बंद पडत नाही, नुसते मंदावते आणि दोष सर्व्हरवर जातो. अशी दुरुस्ती काही शे रुपयांत होते.

दगडी भिंतींमुळे वायफायचा त्रास होणारच. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ या पट्ट्यात 1, 6 आणि 11 हीच चॅनेल एकमेकांवर न चढणारी असतात आणि शेजारची कार्यालयेही तीच वापरतात. म्हणून रोजच्या कामाचे संगणक केबलवर ठेवणे उत्तम. विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार, म्हणजे कंपनीकडून नेहमी मिळणाऱ्या सुरक्षा-सुधारणा, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला असल्याने ती प्रणाली असलेल्या यंत्रांची वेगळी नोंद घ्यावी.

प्रतींच्या घोळावर उपाय म्हणजे प्रत्येक कन्साइनमेंटला एकच सामाईक फोल्डर ठेवणे, फाइलच्या नावाचा एकच नियम करणे आणि व्हॉट्सॲपवर फाइलऐवजी तिचा दुवा पाठवणे. त्यासाठी प्रत्येकाचे स्वतंत्र लॉगिन हवे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर चौघे जण एकाच पासवर्डने काम करत असतील तर ते आजच थांबवा, कारण 1 एप्रिल 2023 पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी कंपन्यांना प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे, आणि बदल कोणी केला हेच कळत नसेल तर त्या नोंदीला अर्थ उरत नाही. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती अजून चालू आहेत का, हेही याच वेळी पाहावे.

बॅकअप ‘होतो’ या उत्तरावर समाधान मानू नका. एक जुनी फाइल आपल्यासमोर परत आणून दाखवायला सांगा. सर्व्हर तळमजल्यावर असेल तर तो वर हलवा. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता, हे मुंबईत व्यवसाय करणाऱ्याने विसरून चालत नाही.

ऑडिट करणारा माणूस यंत्रे विकणारा नसावा आणि त्याची फी कोणत्याही खरेदीशी जोडलेली नसावी. मार्चअखेरीची धावपळ टाळून तीन-चार आठवडे राखून ठेवा. अहवाल आल्यावर एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर तीच एक जीबीची फाइल, त्याच टेबलावर, दुपारी चारलाच कॉपी करून पाहा. केबल, बॅकअपची वेळ आणि फोल्डर एवढे नीट झाल्यावरही सर्व्हरच्या नोंदींत डिस्क किंवा मेमरी कमी पडताना दिसली, तर मात्र विक्रेत्याला पुन्हा बोलवा आणि त्या नोंदी त्याच्यापुढे ठेवूनच कोटेशन मागा.