सत्कार करायचाय ना, मग आधी एवढं वाच

अरे, तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण लगेच रिप्लाय टाकला नाही कारण दोन ओळीत आटपण्यासारखा विषय नाहीये हा. हरवलेल्या माणसांसाठी जे लोक स्वतःचा वेळ घालवून पोस्टर लावतात, पोस्ट फिरवतात, पोलिसांकडे खेटे घालतात त्यांचा सत्कार करावा असं तुझ्या मनात आलं, खूप बरं वाटलं मला. पण तू नावांची जी लिस्ट पाठवलीस त्यात प्रत्येकापुढे 'किती जण सापडले' असा कॉलम केलायस, तो आधी काढून टाक.

कारण शोधणाऱ्याच्या हातात शोधणं असतं, सापडणं नाही. एखादा माणूस तीन दिवसांत सापडतो, कोणीतरी फोटो ओळखतं, फोन येतो, झालं. आणि एखाद्याच्या मागे कोणी दहा-बारा वर्षं लागलेलं असतं, हाती काहीच लागत नाही, तरी तो माणूस थांबत नाही, तर तुझ्या कॉलमात याच्यापुढे शून्य येणार, हे कसं चालेल सांग.

अर्जेंटिनातल्या आयांचं बघ. 30 एप्रिल 1977 ला ब्युनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो चौकात 14 बायका जमल्या, लष्करी राजवटीने उचलून नेलेली आमची मुलं कुठे आहेत एवढंच त्यांना विचारायचं होतं. पोलीस म्हणाले घोळका करून उभं राहायचं नाही, चालत राहा, तर त्या खरंच चालायला लागल्या, चौकातच फेऱ्या मारायला लागल्या, आणि मग दर गुरुवारी डोक्याला पांढरा रुमाल बांधून येत राहिल्या. तो रुमाल म्हणजे आधी बाळाच्या लंगोटाचं कापड होतं. त्यांच्यात पुढाकार घेणारी अझुसेना विलाफ्लोर, स्वतःच्या मुलाला शोधायला बाहेर पडलेली बाई, तिलाच डिसेंबर 1977 मध्ये उचलून नेलं. तिचे अवशेष ओळखले गेले ते थेट 2005 मध्ये, आणि तिच्या अस्थी त्याच चौकात पुरल्या. तिच्या नावापुढे कुठला आकडा लिहिशील तू?

याच चळवळीतल्या आज्यांनी पुढे नातवंडं शोधायला घेतली, तुरुंगात जन्मलेली आणि दुसऱ्यांना देऊन टाकलेली बाळं. आईबापच नाहीत तर मूल कोणाचं ते सिद्ध कसं करायचं, हा प्रश्न घेऊन त्या शास्त्रज्ञांकडे गेल्या, आणि आजी-आजोबांच्या रक्तावरून नातं ठरवायची पद्धत त्यातून उभी राहिली. आजवर 130 हून जास्त नातवंडांची ओळख पटलीये. पण त्याआधीची कितीतरी वर्षं त्या रिकाम्या हातांनीच फिरत होत्या ना, आणि मान द्यायचा तर तो त्या वर्षांचाही द्यायला हवा.

तारखेचं विचारलंस. 25 मे हा हरवलेल्या मुलांचा दिवस, कारण 1979 मध्ये त्याच तारखेला न्यूयॉर्कमध्ये ईटन पॅट्झ नावाचा 6 वर्षांचा मुलगा शाळेच्या बसकडे जाताना नाहीसा झाला, आणि 1983 पासून अमेरिकेत तो दिवस पाळायला लागले. 30 ऑगस्ट हा संयुक्त राष्ट्रांचा दिवस, जबरदस्तीने गायब केलेल्यांसाठी. तुझ्या लिस्टमधले बरेच जण स्मृती गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना शोधणारे आहेत, त्यांना दोन्ही तारखा धड बसत नाहीत, तेव्हा तारखेचा हट्ट सोड, त्यांना जमेल तो दिवस धर.

आता माझी एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी असाच एक कार्यक्रम केला होता. एक बाई होत्या, भावाला शोधत होत्या, पिशवीत कायम पोस्टरची गुंडाळी, चिकटपट्टी आणि प्लास्टिकची कव्हरं. दर काही आठवड्यांनी जुनी पोस्टर काढून नवी लावायच्या, कारण उन्हाने फोटोतला लाल रंग आधी उडतो, चेहरा निळसर पडतो आणि मग घरच्यांनाही ओळखू येत नाही. मी स्टेजवर त्यांची ओळख करून देताना म्हटलं, त्यांचा भाऊ फार हुशार होता. त्या तिथेच हळू आवाजात म्हणाल्या, होता नाही, आहे. अख्खा हॉल गप्प झाला. मी माफी मागितली, पण ते अजून टोचतं मला. पॉलिन बॉस नावाच्या अभ्यासक बाईंनी 1970 च्या दशकात या अवस्थेला 'अँबिग्युअस लॉस' असं नाव दिलं, म्हणजे माणूस गेलाय की आहे हेच कळत नाही, त्यामुळे धड रडताही येत नाही आणि आशाही सोडता येत नाही. तेव्हा भाषण लिहिशील त्यात 'होता', 'होती' कुठे आलंय का ते दोनदा तपास, आणि स्टेजवर हरवलेल्या माणसाचा मोठा फोटो लावायच्या आधी घरच्यांना विचार. त्यांनी नको म्हटलं तर नको, कारण विचारायचं नाही.

अजून एक, लिस्टमध्ये नुसते भराभर शेअर करणारेच दिसतायत मला. शेअर करायच्या आधी पोलिसांत तक्रार आहे का, तारीख काय, खाली नंबर कोणाचा आहे हे बघणारे पण घे. कारण कधीकधी घरच्या मारहाणीला कंटाळून बाई निघून गेलेली असते आणि शोधणारा तोच मारणारा असतो, अशा वेळी तुमची एक भाबडी पोस्ट तिचा पत्ता त्याच्या हातात देते. आणि माणूस घरी आल्यावर जुनी पोस्ट काढून टाकणारे, भिंतीवरचं पोस्टर खरवडून काढणारे, त्यांना तर कोणी विचारतच नाही, खरं तर ते काम फार महत्त्वाचं आहे. सापडलेल्या मुलीचा फोटो पाच वर्षांनी पण ग्रुपवर फिरत असतो, तिने कॉलेजमध्ये कसं वावरायचं?

ट्रॉफी वगैरे दे, पण त्याआधी प्रत्येकाला एकदा फोन करून विचार की तुम्हाला आत्ता कशाची गरज आहे. छपाईचा खर्च म्हणतील, किंवा रात्री दोनला येणारे खोटे फोन घ्यायला दुसरं कोणीतरी हवंय म्हणतील, ते फोन माणसाला पार पिळून काढतात रे.

लिस्ट दुरुस्त करून पाठव. त्या भावाला शोधणाऱ्या बाईंचा नंबर माझ्याकडे आहे, त्यांना तुझ्याबद्दल मीच आधी सांगते, त्या हो म्हणाल्या की नंबर देते, आणि बोलताना भावाचं नाव घेऊन विचार.

तुझी ताई