लेहच्या आसपास स्वतःचा तंबू घेऊन राहायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही दोघं आणि बारा वर्षांचा मुलगा विमानाने लेहला जाताय, पँगाँगच्या काठावरचे आयते टेंट नकोत, सह्याद्रीत राजमाची-हरिश्चंद्रगडावर तुमचे तुम्ही मुक्काम केलेत, तसं लेहजवळ चार रात्री स्वतःच्या तंबूत राहता येईल का, आणि त्यात मार्खा व्हॅलीचा ट्रेक जमेल का.

राहता येईल. पण मार्खा या खेपेला सोडा आणि शाम भागात जा. लेहपासून सिंधूच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेला उतरत जाणारा पट्टा म्हणजे शाम: लिकिर, आल्ची, तेमिसगाम, खाल्त्से ही गावं त्यात येतात. मी पुण्याचा, कामानिमित्त लेहमध्ये बरेच उन्हाळे काढलेत आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना हेच सांगत आलोय. बहुतेकांचा चेहरा पडतो, कारण शामला ट्रेकर मंडळी ‘बेबी ट्रेक’ म्हणतात. म्हणू देत.

कारण उंचीचं आहे. लेहचा बाजार साधारण 3,500 मीटरवर. कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी बाजार वरच राहतो. श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश, आणि दिल्लीहून विमान तुम्हाला दीड तासात तिथे आणून टाकतं. त्यामुळे पहिले दोन दिवस लेहमध्येच गेस्टहाउसवर राहायचं आणि काहीही करायचं नाही. शांती स्तूपाच्या पाचेकशे पायऱ्यासुद्धा नाहीत. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हे सगळ्यात जड जातं; पाय मजबूत असतात, दम चांगला असतो, म्हणून वाटतं आपल्याला काय होतंय. उंची लागते तिचा फिटनेसशी संबंध नाही. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही, हे घरच्या डॉक्टरांना आधीच विचारा, मुलाच्या बाबतीत तर नक्कीच, आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा. मुलं डोकं दुखतंय असं नीट सांगत नाहीत. जेवण नको म्हणणं, उगाच चिडचिड, गप्प बसणं, हीच लक्षणं धरायची. बसल्या जागी धाप लागली, खोकला सुटेना किंवा सरळ रेषेत चालता येईना, तर सकाळची वाट न पाहता लेहचं सोनम नोर्बू मेमोरियल रुग्णालय गाठायचं.

आता शामच का. त्रास झाला की खाली उतरा, हा नियम सगळे सांगतात. पण लेहहून बाहेर पडणारे बहुतेक रस्ते उतरण्याआधी चढतात. मनालीच्या रस्त्यावर तागलांग ला (‘ला’ म्हणजे खिंड) 5,300 मीटरच्या वर, नुब्राकडे खारदुंग ला तितकाच, पँगाँगकडे चांग ला. एकाच दिशेला, सिंधूबरोबर खाली, कुठलीही खिंड न चढता गाडीने उंची कमी करता येते. खाल्त्से साधारण 3,000 मीटरवर आहे. म्हणजे शाममध्ये तुमचा तंबू जिथे असेल तिथून खाली जायचा रस्ता खरोखरच खाली जातो.

मार्खात याच्या उलट. खालची गावं सोपी आहेत, घरगुती मुक्काम मिळतात, दरी तर अप्रतिम. पण शेवटची रात्र निमालिंगला, 4,700 मीटरच्या वर, जुलैमध्येही पहाटे पाण्याच्या बाटलीवर बर्फाची कड दिसू शकते, आणि दुसऱ्या दिवशी कोंगमारू ला, सुमारे 5,200 मीटर. तिथे रात्री पोराला त्रास झाला तर गाडीचा रस्ता एका बाजूला खिंडीपलीकडे, दुसऱ्या बाजूला लांबच लांब उतरणीपलीकडे. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, असा साधारण वैद्यकीय सल्ला असतो. चार रात्रींत मार्खा बसवायचा तर तो धाब्यावर बसवावा लागतो. पॅकेजवाले बसवतात. तुम्ही नका.

शामचा मार्ग असा: लेहहून गाडीने लिकिर, तासा-दीड तासाचा रस्ता. तिथून चालत यांगथांग, मग हेमिस शुक्पाचन, मग तेमिसगाम. रोजची चाल तीन ते पाच तास. मधल्या खिंडी सगळ्या चार हजार मीटरच्या आत आणि सगळ्या गावांना गाडीरस्ता. रस्त्याचा तोटाही सांगतो: वाट काही ठिकाणी सरळ डांबरावरून जाते, आणि ‘कुणी नसलेलं रान’ हवं असेल तर ते इथे मिळणार नाही. मिळते ती हिरवी शेतं, मध्ये ओसाड तपकिरी डोंगर, पुन्हा हिरवी शेतं. यांगथांगहून रिझोंग गोम्पाकडे (गोम्पा म्हणजे बौद्ध मठ) घळीतून उतरणारी वाट आहे, एक रात्र जास्त काढणार असाल तर ती जरूर करा. हेमिस शुक्पाचनला जुनिपरची जुनी झाडं आहेत, पवित्र मानलेली. त्यांची वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. आणि गाडी ठरवताना ‘हेमिस शुक्पाचन’ असं पूर्ण नाव घ्या. नुसतं ‘हेमिस’ म्हणालात तर ड्रायव्हर तुम्हाला लेहच्या नेमक्या उलट दिशेला, प्रसिद्ध हेमिस गोम्पाला नेऊन सोडेल. हेमिस नॅशनल पार्क आणखी तिसरं; मार्खा त्यात येतं.

तंबू कुठे लावायचा, यावर जरा वेळ घालवतो, कारण सह्याद्रीची सवय नेमकी इथे दगा देते. आपल्याकडे सपाट जागा दिसली, पाणी जवळ आहे, लावला तंबू. लडाखमध्ये वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जिथे हिरवं दिसतं तिथे कुणीतरी वितळलेल्या बर्फाचं पाणी पाटाने आणलेलं असतं, म्हणजे ते कुणाचं तरी शेत किंवा कुरण असतंच. पाटाला तिथे युरा म्हणतात, आणि पाण्याच्या पाळ्या ठरवायला गावाने नेमलेला माणूस असतो, चुरपोन. आपल्या बागायती भागात दारं धरायला रात्री-अपरात्री जावं लागतं, तसंच तिथेही. यांगथांगला एका संध्याकाळी कॉलेजची दोन पोरं मऊ गवताच्या वाफ्यात तंबू ठोकून बसली होती. शेजारच्या घरातली आबी, म्हणजे आजी, खांद्यावर फावडं टाकून आली. तिने पाटाकडे बोट दाखवलं, मग वाफ्याकडे, मग दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपल्याची खूण केली आणि खो-खो हसली. त्या रात्री त्या शेताची पाळी होती. पोरांनी निमूट बाड उचललं. दहाच्या सुमाराला तिने पाटातला दगड आणि चिंधी काढून दार मोडलं, आणि थोड्या वेळात त्या वाफ्यात घोटाभर पाणी होतं.

तेव्हा गावात शिरलात की पहिल्या घरी ‘जुले’ (तिथला नमस्कार) म्हणा आणि जागा विचारा. बहुतेक वेळा खळं दाखवतात; कापणी ऑगस्ट-सप्टेंबरची, त्यामुळे जुलैत खळी रिकामी असतात, जमीन चोपलेली, सपाट. पैसे सांगतील ते द्या, घासाघीस करू नका. युरात भांडी घासणं, साबण लावणं, पाय धुणं, काहीच नको. खालच्या घरांचं पिण्याचं पाणी तेच असतं. पाणी घेऊन लांब जाऊन धुवा. या गावांत पाण्यावरून लोक किती हळवे आहेत, हे कळायला स्टोक कांगरीचं उदाहरण पुरे: 6,153 मीटरचं इतकं लोकप्रिय शिखर, स्टोक गावाचं पाणी ज्या बाजूने येतं तिथे गर्दी आणि घाण वाढली म्हणून 2020 मध्ये चढाईला बंद करण्यात आलं.

कोरडा नाला कितीही सपाट आणि वाळूचा असो, त्यात झोपायचं नाही. 5 ऑगस्ट 2010 च्या रात्री लेहवर ढगफुटी झाली तेव्हा अशाच नाल्यांमधून चिखल-दगडांचा लोंढा आला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. झाडं-गवत नसलेल्या डोंगरावर पाणी थांबत नाही. तुमच्या तारखा त्याच हंगामातल्या आहेत, तेव्हा वरच्या बाजूला काळं भरून आलं तर ओढ्यापासून लांब सरका. ओढे ओलांडायचे ते सकाळी. दुपारी ऊन बर्फावर तापलं की संध्याकाळपर्यंत तोच ओढा गुडघ्याचा मांडीपर्यंत येतो.

दुपारनंतर वारा सुटतो, आणि तुमच्या तंबूच्या त्या बारीक अ‍ॅल्युमिनियमच्या खुंट्या तिथल्या मुरमाड जमिनीत एक तर शिरत नाहीत, नाहीतर शिरून सैल राहतात. चार-सहा छोट्या कापडी पिशव्या न्या. त्यात खडी भरायची, तोंडाला दोरी बांधायची, वरून मोठा दगड. हवा भरायची गादी नेणार असाल तर आधी जमिनीवरून हात फिरवा. सीबकथॉर्नच्या वाळक्या काट्यांनी ती पहिल्याच रात्री बसते. साधी फोमची मॅट बरी. पॉपलरच्या रांगेच्या पश्चिमेला तंबू लावलात तर सकाळी थोडी जास्त झोप मिळेल, नाहीतर सात-साडेसातलाच आत भट्टी होते. ऊन तिथे भाजतं, उकडत नाही, म्हणून कळतच नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, रुंद कडेची टोपी, चांगला गॉगल मुलालासुद्धा. जुलैत लेहला दिवसा पंचविशीच्या आसपास आणि रात्री दहा अंशांच्या आगेमागे तापमान असतं, तेव्हा शामसाठी शून्य अंश कम्फर्टची स्लीपिंग बॅग पुरते. तंबू, बॅगा सगळं लेहला चांगस्पा या भागात भाड्याने मिळतं. दुकानातच पूर्ण उघडून चेन आणि पोल बघून घ्या.

खाण्याचं. साडेतीन हजार मीटरवर पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं. तूरडाळ उघड्या पातेल्यात गॅस संपेपर्यंत शिजवा, ती डाळच राहील, आमटी होणार नाही. दोन लिटरचा कुकर न्या, किंवा मुगाची डाळ, पोहे, भाजलेला रवा, मेतकूट यांवर भागवा. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दाण्याचे लाडू पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात कामी येतात, कारण भूक मरते आणि घरचं काही असलं तरच घशाखाली उतरतं. चिवड्याची हवाबंद पाकिटं तिथे फुगून फुटबॉल होतात, शांपूची बाटली सॅकमध्ये ओकते. दोन्ही आधी पिशवीत बांधा. लाकडं जाळायची नाहीत. तिथे झुडूप वाढायला वर्षं लागतात आणि शेणीसुद्धा हिवाळ्यासाठी मोजून रचलेल्या असतात. दोन गावांच्या मध्ये पाणी मिळेल असं धरूच नका, माणशी तीन लिटर घेऊन निघा, आणि गावातलंही उकळून किंवा गाळून प्या. जुलैअखेर शामच्या खालच्या गावांत जर्दाळू पिकायला लागतात. झाडाखालचे उचलले तरी विचारून.

एक रात्र घरात झोपा, निदान हेमिस शुक्पाचनला. मुलाला चुलीशेजारी बसून स्क्यू (कणकेचे तुकडे घातलेला भाज्यांचा रस्सा) खाता येईल, तुम्हाला पाठ टेकता येईल. तिथल्या कोरड्या संडासात पाणी ओतायचं नसतं, माती टाकायची असते. त्याचं पुढे खत होतं. आपल्याला पाण्याची सवय, म्हणून टिश्यू पेपर बरोबर ठेवा.

किरकोळ गोष्टी. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, एक तरी पोस्टपेड लागेल. लेहच्या आसपास भटके कुत्रे टोळीने फिरतात, रात्री खाणं आणि चपला तंबूच्या आत घ्या आणि मुलाला एकटं बाहेर सोडू नका. दिवस उरला तर फे ते निमू हा सिंधूवरचा राफ्टिंगचा सोपा टप्पा आहे. झंस्करवरचा चिलिंग ते निमू जास्त खळखळीचा, मुलाच्या वयाचं तिथे विचारतात. त्सो मोरीरीच्या काठी स्वतःचा तंबू लावायचा विचार असेल तर काढून टाका, ते 2002 पासून रामसर यादीतलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांतलं, सरोवर आहे, पक्षी काठावरच घरटी करतात.

गॅसचं डबडं विमानात नेता येत नाही, सामानातही नाही, काडेपेटी-लायटरही नाही. सगळं लेहच्या बाजारातून घ्या, आणि डबडं घेण्याआधी तुमचा स्टोव्ह स्क्रूचा आहे का ते बघा. परतताना अर्धवट उरलेलं डबडं फेकू नका. चांगस्पातल्या कुठल्याही गेस्टहाउसच्या अंगणात निघायच्या तयारीतलं कुणीतरी असतंच, त्याला द्या.